तांदळातला पारा

६ मार्च, आष्टा
थर्मामीटर फुटला. माझ्याच हातून. अंगात कणकण म्हणून झटकायला गेले, तो थेट पलंगाच्या कडेवर. पारा फरशीभर. कामवाल्या सुलाबाईला बजावलं — हात लावू नकोस, झाडू तर मुळीच नको, मी कागद आणते. येऊन बघते तर फरशी लख्ख. "उचलला बाई." ठेवला कुठं, ते मी विचारलं नाही. अंगात ताप होता, एवढीच सबब.

७ मार्च
औषधवाल्यानं नवा दिला. दिसायला तीच चांदी, पण आत पारा नाही. गॅलियमचा मिश्रधातू, विषारी नाही म्हणे. तीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली मी, आणि हा मला शिकवतो! खरंच असेल. पण मेला खाली उतरत नाही. पंधरा झटके दिले. खांदा गेला, तो एकशे एकवरच.

९ मार्च
ताप गेला. मुलगा विश्वजित शिरवळहून येऊन तांदळाचा डबा घेऊन गेला. शिवांजलीला सातवा महिना. सुनेला भात घरच्याच तांदळाचा लागतो.

१२ मार्च
सुलाबाई आज कौतुकानं सांगते, "आवं बाई, त्यो पारा वाया न्हाई घालवला. राखंत मळून तांदळात घातला. आता किडा लागायचा न्हाई. आमची आय बी घालायची."
कुठल्या तांदळात?
"सूनबाईंच्या डब्यात की."
मी नको नको ते बोलले. ती रडली.
शिवांजलीला फोन केला. खरा शब्द ओठांवर आला होता. पण विश्वजित सुलाबाईला कामावरून काढेल, आणि वर मला म्हणेल, आई, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या ना? म्हणाले, "तांदळाला किडा लागलाय गं. एकही दाणा खाऊ नका."
"बरं आई. अजून डबा उघडलाच नाही."
सुलाबाईला वाचवलं, असं मनाला सांगतेय. कॉन्व्हेंटात असल्या खोट्याला सिस्टर हातावर पट्टी मारायच्या.

१३ मार्च
खरं सांगायलाच हवं. उद्या.

१५ मार्च
आज फोन केला. मी तोंड उघडायच्या आधी तीच हसत म्हणाली, "आई, डोळे तपासून घ्या. तांदूळ परातीत ओतून बघितला, किडा एकही नाही. जराशी राख होती, ती पाखडली. तरी मनात शंका नको, आणि वाया कशाला घालवायचा, म्हणून परवा अंगणवाडीत दिला. काल खिचडी केली त्यांनी. पोरांनी मागून मागून खाल्ली म्हणे."