निरभ्र आकाशातले धुके

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता कुशल आहोत. तुझ्या चार वर्षांपूर्वीच्या पत्राचे उत्तर आज लिहीत आहे. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका या खेपेस दाखवत नाही, सातच आहेत.

नदीकाठच्या बंद वीजकेंद्राची चिमणी मार्चअखेरीस पाडणार आहेत. हे कळल्यापासून, तू इथे ठेवून गेलेल्या कॅमेऱ्याने मी तिची रोज छायाचित्रे घेतो. तिवईच्या पायांसाठी तू गच्चीवर रंगाने केलेल्या तिन्ही खुणा शाबूत आहेत. मी तिवई तसूभरही हलवलेली नाही. दिनांक, वेळ आणि आकाशाची स्थिती वहीत नोंदवतो. अवकाळी सर पडून गेली की चिमणी ओल्या पाटीसारखी काळी दिसते. सूर्य मावळताना मात्र तिच्या विटा पाच-सात मिनिटे अशा उजळतात की, आत पुन्हा कोळसा पेटला असावा असे वाटते. "त्या धुरांड्यात पाहण्यासारखं काय आहे?" असे मी तुला विचारले होते. तेव्हा मी स्वतः तिच्याकडे एकदाही नीट पाहिलेले नव्हते.

तुझी आई म्हणते, "पोरगी अभ्यास सोडून फोटो काढते म्हणून गच्चीला कुलूप घातलंत, ती घर सोडून गेली. आता स्वतः चहा गार करून वर उभे राहता." तिचे वाक्य निर्दोष असते.

गेल्या सोमवारी पहिले तीन रोल धुऊन मिळाले. दुकानदार म्हणाला, "आजोबा, धुकं काय झकास पकडलंय. आमच्या पोरांना असं जमत नाही." मी आभार मानले. घरी येऊन वही उघडली. एकशे आठ छायाचित्रांपैकी चौऱ्याण्णवांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : आकाश निरभ्र.

चिमणीची कड स्पष्ट दिसेपर्यंत भिंग फिरवायचे, हा माझा नियम. प्रत्येक वेळी ती मला स्पष्टच दिसली होती.

डॉक्टरांच्या मते उजव्या डोळ्याचे आता काही होणार नाही. डाव्यासाठी थेंब दिले आहेत. आईला अद्याप सांगितलेले नाही.

गच्चीचे कुलूप मी भंगारात दिले. चिमणीचे एक तरी छायाचित्र स्वच्छ निघावे, एवढीच इच्छा आहे. ते आता माझ्या हातून होणे नाही.

उत्तर पाठवलेस तर अक्षर मोठे काढ. न पाठवता आलीस, तर अधिक बरे.

खुणांपाशी उभा असलेला,
तुझा बाबा