आई शांत झाली

नागपूर, ४ ऑगस्ट

चि. गणेश यास अनेक आशीर्वाद, घरातल्या वडीलधाऱ्यांस नमस्कार.

आईच्या उदासीच्या, रडण्याच्या दुखण्याला अर्धं मेडशी गाव नाटक म्हणतं आणि आपण सगळे मान खाली घालून ऐकतो. फोनवर तू 'हो ताई' म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहिते. हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

आपल्या आतड्यांत कोट्यवधी जंतू राहतात. भाजीभाकरीतला चोथा खाऊन ते काही द्रव्यं तयार करतात. ती मेंदूची सूज आवरत असावीत, कमी पडली तर उदासी वाढत असावी, असं संशोधकांना दिसू लागलं आहे. बरंचसं अजून उंदरांवरच तपासलं आहे. पण ज्या दुखण्याच्या खुणा शरीरात शोधतात, त्याला ढोंग म्हणायची हिंमत कोणी करू नये.

पोट बिघडलं की दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणता, ते थांबवा. त्या गोळ्यांनी चांगले जंतूही मरतात. तिला ताक, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी द्या.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची राखी

मेडशी, १९ ऑगस्ट

ती. राखीताईस, शि. सा. न.

तुह्यं पत्र बाबानं मले दोनदा वाचाले लावलं. गोळ्यांनी चांगले जंतू मरतात हे समजलं, अन् वाशिमच्या डॉक्टरच्या मनाच्या गोळ्याही मी त्याच दिवशी उकिरड्यावर फेकल्या. आता दोन्ही टाइम ताक देऊन राह्यलो.

आमी सारे सोयाबीनच्या निंदनाले जातो, आई घरी एकटीच रायते, पण कुरकुर नाही. रडणं पार थांबलं. काल पेटी उघडून चांगली लुगडी शेजारच्या चंदाबाईले देऊन टाकली, पाटल्या माह्या बायकोच्या हाती ठेवल्या. मी हासून इचारलं, यात्रेले चालली काय? तर म्हणे, "तुमी आता सुखानं राहा."

आता मलेच डॉक्टर म्हणत जाय. लोभ आहे तो वाढू दे.

तुहा गणेश

नागपूर, २२ ऑगस्ट

चि. गणेश,

पत्र आत्ता मिळालं. तुमचा कोणाचाच फोन लागत नाही, म्हणून या कागदाचा फोटो चंदाबाईच्या मोबाइलवर पाठवते. ती धावत शेतात आणून देईल.

मी दुकानातल्या जंतुनाशक गोळ्यांबद्दल लिहिलं होतं. मनाच्या गोळ्या त्या नव्हेत. ताकानं त्यांचं काम होतं, असं कोणत्याही संशोधकानं म्हटलेलं नाही.

आई बरी झालेली नाही, गणेश. लुगडी, पाटल्या वाटून ती जगाचा निरोप घेते आहे.

मी निघाले आहे, पण माझी वाट पाहू नका. निंदन राहू दे. तिला क्षणभरही एकटं न सोडता, आत्ता, मिळेल त्या गाडीनं वाशिमच्या डॉक्टरांसमोर नेऊन बसव.

राखी