चोवीस तासांच्या आत

३ मार्च
पोहोचलो एकदाचे. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि माझी सहा वर्षांची चिमणी. नाव वेगळंच आहे, पण चिमणीएवढं खाते म्हणून घरात तेच पडलं. भावाच्या घरी वहिनीची तोंडं बघत चार महिने काढल्यावर इथली खोली मला महालच वाटली. खिडकी आहे, पलंग आहे, दाराला आतून कडी आहे.

मालक सरडे आणि पाली पाळून विकतात. पुढच्या दालनात काचेच्या तीसेक पेट्या, प्रत्येकीत दिवा. सरड्यांना खायला रातकिडे लागतात, आणि त्या रातकिड्यांचं खाणं मी करायचं. म्हणजे मी झाले रातकिड्यांची स्वयंपाकीण. नशिबात काय काय लिहिलेलं असतं.

मालकांच्या बायकोने 'काकू'च म्हण असं सांगितलं. गंमत म्हणून आम्हा दोघींना पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. मी अठ्ठेचाळीस किलो, चिमणी पंधरा. काकू म्हणाल्या, या घरात कुणी असं हडकुळं राहत नाही, पोरीच्या खाण्याची काळजी आता माझी. ऐकून डोळे भरून आले. एवढंच तर हवं होतं मला, पोरगी अंग धरायला हवी.

५ मार्च
काम सोपं आहे, पण शिस्त कडक. कोंडा आणि ओट्स भाजून दळायचे, त्यात भोपळ्याच्या बिया आणि सुकवलेला मोहरीचा पाला. पालक चालत नाही, त्याने अंगातला चुना वाया जातो. अंड्यांची टरफलं उकळायची, भट्टीत खडखडीत वाळवायची, कुटून कापडातून चाळायची. सरड्याला देण्याआधी ही पांढरी भुकटी किड्यांवर वरून भुरभुरतात. पाण्याची वाटी ठेवायची नाही, किडे बुडून मरतात. त्याऐवजी गाजराच्या चकत्या आणि संत्र्याच्या फोडी.

मालक सगळं एका निळ्या वहीत लिहितात. मुख्य नियम त्यांनी मला पाठच करायला लावला: किडा आधी एक दिवस उपाशी ठेवायचा, मग दोन दिवस पोटभर चारायचा, आणि चोवीस तासांच्या आत द्यायचा. सरडा किडा खात नाही, किड्याच्या पोटातलं खातो, असं त्यांचं म्हणणं. बोलणं पटण्यासारखं आहे.

मागच्या खोलीत एक जुनं जनावर आहे. त्याला सगळे 'थोरली' म्हणतात. ती तीन महिन्यांतून एकदाच जेवते. तिच्याकडे मी जायचं नाही.

१४ मार्च
काकू चिमणीचं ताट डोंगराएवढं वाढतात. भोपळ्याचं सूप, रताळी, जाड बिस्किटं. चिमणी चार घास खाते आणि खेळायला पळते. उरलेलं मी खाते. टाकवत नाही. पोरांचं उष्टं आईच्याच अंगाला लागायचं, जगाची रीतच आहे ती. काकू समोर बसून कौतुकाने बघतात.

दर रविवारी दोघींचा काटा. चिमणी अजून पंधराच.

२ एप्रिल
किडे घेऊन येणारा माणूस आज गप्पा मारत थांबला होता. म्हणाला, बाई, तुम्ही चांगलं बाळसं धरलंत की. मीही हसले. मग म्हणाला, आधीची बाईही इथे येऊन अशीच भरली होती, तिचाही लहान मुलगा होता. ती कुठे गेली विचारलं, तर खोकी मोजत बसला. मुलगा आता मालकांच्या दुसऱ्या जागेवर किडे सांभाळतो म्हणे.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, गेली बाई आपल्या माणसांकडे. पण मुलाला टाकून कुठली आई जाते?

मनात शंकेची पाल चुकचुकली. घरात खऱ्या शंभर पाली, त्यात ही एक माझी.

१९ एप्रिल
चिमणीचं उरलेलं बिस्किट खाताना दाताखाली कचकन लागलं. कुणाला कळलं नसतं, मला कळलं. परवा कापड फाटलं होतं म्हणून टरफलाची भुकटी जाडसर राहिली होती. ती माझी भुकटी होती. मग चवही लागली. भाजलेला कोंडा, बिया, मोहरीचा पाला. रोज मीच दळते, मला नाही कळणार?

काकूंना सरळ विचारलं. त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, लेकराच्या हाडांना चुना नको का? किड्याला चांगलं ते माणसाला वाईट कसं असेल?

उत्तर बिनतोड होतं. पण उरलेलं बिस्किट मी खाली ठेवलं. माझ्या पोरीला किड्यांचं खाणं का चारते ही बाई?

२ मे
डोळ्यांत तेल घालून चिमणीवर लक्ष ठेवते. तिच्या ताटातलं आता आधी मीच संपवते. टाकून देता येत नाही, ताट रिकामं होईपर्यंत काकू समोरून उठत नाहीत. पोरीला फक्त फळं देते, स्वतः सोललेली.

काकूंनी पाहिलं. रागावतील वाटलं होतं. उलट ताट आणखी भरलं.

आज चाळायला शिकवलं मालकांनी. देण्याआधी किडे चाळणीत ओतायचे. मोठे वर राहतात, ते द्यायचे. बारके खाली पडतात, ते परत पेटीत. बारक्याला कधी द्यायचं नाही, म्हणाले, त्याला वाढवायचं असतं.

हे सांगताना ते चिमणीकडे बघत होते. मला ते आवडलं नाही.

९ मे
आज घरात चूल पेटली नाही. काकू म्हणाल्या, पोटाला विश्रांती. कुणालाच काही मिळालं नाही. पाण्याचा माठही उचलून ठेवला, संत्र्याच्या फोडी दिल्या फक्त.

संध्याकाळ होईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. एक दिवस उपाशी. मग दोन दिवस पोटभर. मग—

काकूंनी चिमणीला मात्र हळूच दूध दिलं. मी पेला हिसकावून पिऊन टाकला. पोरगी रडली. रडू दे.

१० मे
सकाळपासून ताटावर ताट. सगळं पोरीसमोर ठेवतात. सगळं मीच खाल्लं. उलटी येत होती तरी खाल्लं. तिच्या पोटात एक घास जाऊ दिला नाही.

दुपारी पिशव्या भरल्या. फाटकाला कुलूप. मालक म्हणाले, एक सरडा सुटलाय, सापडेपर्यंत फाटक उघडायचं नाही. भिंत उंच आहे. हाका मारल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

११ मे
आजही तेच. खाते आहे. अजून एक दिवस कसाही काढायचा. पोरगी उपाशीच राहिली तर त्यांना उपयोग नाही तिचा. नियमच आहे तसा त्यांचा.

दुपारी मालक झोपले तेव्हा निळी वही उघडली. मागच्या पानावर 'थोरली'. तारखा, तीन-तीन महिन्यांनी. शेवटची तारीख उद्याची. तिच्यापुढे वजनं, एकाआड एक रविवारची—

४८. ५०. ५३. ५५. ५८.

पुन्हा पुन्हा वाचलं. चिमणी पंधरा किलोची आहे.

मागची पानंही तशीच. बायकांचीच वजनं. खाली एक ओळ, मालकांच्या सुबक अक्षरात: आईला वाढलेलं आई खात नाही. मुलासमोर ठेवावं.

मीच खाल्लं. हाताने. घास घास करून.

१२ मे, सकाळ
पाय जड झालेत. काल वही बघण्याआधी पोरीचं दूध मीच प्यायले होते, त्यात काहीतरी होतं. दोघांनी धरून मागच्या खोलीत आणलं. चोळखणाएवढी जागा, पलीकडे जाळीचं दार. खिशात ही माझी वही राहिली, पेन्सिल राहिली. तेवढंच.

वरून काहीतरी पडतंय. पांढरं. केसांवर, हातांवर, या पानावर. बोटाने चाचपलं. मऊ आहे, वस्त्रगाळ. नवीन कापडातून चाळलेलं. माझीच—

भिंतीपलीकडे चिमणी आहे. आवाज येतोय. काकू तिला काट्यावर ओट्स मोजायला शिकवतायत. ती विचारतेय, आई कुठे गेली? काकू म्हणाल्या, आपल्या माणसांकडे.

नाही गेले मी. चिमणे, मी इथेच आहे. ओरडले. तोंडात भुकटी गेली, खोकलाच आला नुसता.

पोरगी वाचली. बारक्याला देत नाहीत. हेच धरून बसायचं— पोरगी वाचली— पण मोठी होईल ना ती. कधीतरी तिच्याही कडेवर कुणी—

हे कुणाला सापडलं तर तिला सांगा, ताटातलं—

जाळी उघड