सोमवारचा माफीनामा

बाळापूर,
रविवार, ११ जानेवारी २००९

प्रिय हसनैन,

अस्सलामु अलैकुम. अम्मी बरी आहे, गुडघे सोडून. थंडी औंदा जास्तच आहे. उर्दूत लिही म्हणतो तू, पण वीस वर्षं मी मराठीत शिकवून राहिली; भांडायचं असलं की मले मराठीच सुचते.

होय, भांडायचंच आहे. परवा फोनवर तू म्हणाला, "आपा, सचिवांची माफी मागून टाक. दोन ओळी तर लिहायच्या आहेत, सोमवारी नेऊन दे, नोकरी वाचेल." अन् त्याच दमात म्हणे, अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीत विचारतात, सरकारची एक शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय सोय आहे, ते पुन्हा समजावून सांग. वा रे पठ्ठ्या. समजावलं मी. कायदे काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं करायचे, राष्ट्राध्यक्षानं ते अडवायचे, न्यायालयानं दोघांचेही कान धरायचे. सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेले द्यायच्या नाहीत.

इथं सगळ्या किल्ल्या महादेवरावांच्याच कमरेले आहेत. कॉलेजचे सचिव तेच अन् कापसाच्या जिनिंगचे मालकही तेच.

झालं काय, हे तुले अर्धंच माहीत आहे. बारावीले मी अमेरिकेची घटना शिकवली. तिची पहिली दुरुस्ती, म्हणजे बोलायचं, छापायचं, सरकारकडे गाऱ्हाणं न्यायचं स्वातंत्र्य. पोरांले म्हटलं, यावर भित्तिपत्रक काढा, अन् लेखाखाली आपलं नाव टाका, भेता काहून? मैना नावाची पोरगी आहे, खेड्यावरून सायकलनं येते. तिनं लिहिलं की जिनिंगच्या काट्यावर तिच्या बापाचा कापूस क्विंटलमागं चार किलो कमी भरला. घरून मोजून नेला होता त्यानं. खाली तिनं नाव टाकलं.

तो कागद महादेवरावांनी फाडला, असं तुले वाटते. मीच तसं वाटू दिलं. फाडला मी. त्यांचा निरोप आला अन् मी स्टुलावर चढून, साऱ्या पोरांदेखत, टराटर फाडला. हे तुले फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

मैना खालीच उभी होती. रडली नाही, काही नाही. वही उघडून म्हणाली, "मॅडम, मंग तुमी देलेल्या नोट्समधली कोणती ओळ खोडू?"

लाज वाटली रे, खूप. दुसऱ्या दिवशी तुकडे डिंकानं जोडले अन् तो लेख माझ्या हातानं परत लावला. महादेवरावांले माझ्याकडून माफी पाहिजे ती हा लेख परत लावल्याची.

तू म्हणतो, "आपा, हे अमेरिका नाही." माहीत आहे मले. अमेरिका तरी कुठं पहिल्या दिवसापासून अमेरिका होती? 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम राबत होते. कागद आधी आला, मंग लोकांनी पिढ्यान्पिढ्या भांडून तो खरा करायले लावला, अन् अजून पुरता झाला नाही. आपल्याही घटनेत बोलायचं स्वातंत्र्य एकोणिसाव्या कलमात लिहून ठेवलंच आहे. तू तिथं हात वर करून शपथ घेशील अन् बहिणीले इथं तोंड शिवायले सांगशील, हे मी चालू देणार नाही.

खाशील काय, असं अम्मीनंही विचारलं. मले भीती वाटतेच. शिकवण्या घेईन, नाहीतर मशीनवर बसून कपडे शिवीन. पण मैनेसमोर पुन्हा त्या स्टुलावर चढणार नाही.

माफीनामा लिहिला आहे मी. दोनच ओळी, तू म्हणाला तशा: "मी भिऊन तुझा लेख फाडला. चूक माझी होती, तुझी नाही." मैनेच्या नावानं आहे. उद्या प्रार्थना झाली की सचिवांच्या खोलीसमोरच्या फळ्यावर लावणार आहे.

मुलाखत नीट दे.

तुझी,
उद्या अकरा वाजेपर्यंत तरी नोकरीवर असलेली,
अनीसा आपा