बोडी म्हणजे बॉडी नव्हे

लाखनी,
१० ऑक्टोबर

आदरणीय भैय्यालाल दादा यांस,
धाकट्या धुरपताचा सप्रेम जय भीम. वहिनींनाही सांगावा.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमची शुगर किती आली आणि वहिनींचा गुडघा जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. हलक्या धानाची कापणी लागली आहे. आता फोन असताना पत्र कायले, असं तुम्ही म्हणाल. (हे ‘कायले’ चुकून निघालं, ‘कशाला’ असं वाचावं. नागपूरला साहेब झाल्यापासून तुम्ही माझ्या पत्रांत लाल पेनाने दुरुस्त्या करता, हे मी विसरले नाही.) पण मी फोनवर प्रतिक्षाच्या नोकरीचा विषय काढला की तुमच्याकडचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. पत्राचं नेटवर्क जात नाही, म्हणून लिहून राहिली.

तुमचं म्हणणं मला पटत होतं, खोटं कशाला बोलू? एवढी शिकलेली भाची तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास सोडते आणि हायवेवरच्या बंद पडलेल्या राईस मिलमध्ये कॉम्प्युटरवर चित्रं काढत बसते, ही काही नोकरी झाली? बोर्ड केवढा मोठा, तर ‘डिजिटल कला-तंत्र-समाज केंद्र’. लोकांनी त्यातलं ‘डिजिटल’ तेवढं वाचलं आणि आधार कार्ड घेऊन रांग लावली. कोणी रेशनचा अंगठा द्यायला, कोणी सातबारा काढायला. केंद्राच्या रुचिका मॅडम पुण्याच्या. त्या बिचाऱ्या हात जोडून सांगत, ‘आजी, इथे कला आणि तंत्रज्ञान समाजाशी जोडलं जातं.’ त्यावर आमच्या शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणे, ‘मंग माह्या आधारले मोबाईल नंबर जोडून दे वो माय.’ शेवटी प्रतिक्षानेच तोड काढली. येईल त्याचा फॉर्म भरून द्यायचा, चहा पाजायचा, आणि त्याने माइकपुढे पाच मिनिटं आपल्या गावाबद्दल बोलायचं. ते सगळे आवाज तिने जपून ठेवले. असं तीन महिने चाललं. खरं मशीन मात्र उद्घाटनालाच पहिल्यांदा सुरू होणार होतं. माणूस बोलला की ते भिंतीएवढ्या पडद्यावर त्याचे शब्द लिहिते आणि त्या शब्दांचं चित्र काढते, अशी त्याची करामत.

मागच्या महिन्यात उद्घाटन झालं. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे मोठे साहेब आले, मांडव पडला, बंदोबस्ताला एक शिपाईदादाही आले. बोलायचा पहिला मान गुलाबभाऊंना. (जन्मभर तलावात जाळं टाकलेला माणूस, त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आला होता.) ते ठासून बोलले, ‘आमच्या गावात दोन बोड्या आहेत. मोठी बोडी माह्या बापानं खोदली. मागच्या महिन्यात साफ केली अन् तिच्यात मासोळी सोडली.’ आता बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, हे आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगते. पण मशीन पुस्तकी मराठी शिकून आलेलं. त्याने लिहिलं, ‘आमच्या गावात दोन बॉडी आहेत. मोठी बॉडी माझ्या बापाने खोदली.’ आणि चित्र काय काढलं, तर पांढऱ्या चादरीखाली दोन माणसं निजलेली, आणि एकाच्या पोटावर मासोळी उड्या मारून राहिली! शिपाईदादा ताडकन उठले, वही काढली आणि विचारलं, ‘दुसरी कुठे आहे?’ गुलाबभाऊ भोळा माणूस. म्हणाले, ‘दुसरी सुकली साहेब. तिच्यात आता लाखोरी पेरतो.’

अख्खा मांडव पोट धरून हसला, पण माझ्या पोरीचा चेहरा पाहवत नव्हता. मोठे साहेब काही हसले नाहीत. म्हणाले, लोकांना आधी शुद्ध बोलायला शिकवा. महिनाभराने पंचवीस तारखेला परत येतो, तोवर जमलं नाही तर केंद्र नागपूरला हलवू. तिथं माझं डोस्कंच फिरलं. बावीस वर्षं अंगणवाडीत लेकरं शिकवली, कोणाच्या बापाला भ्यायली नाही. जाऊन माइक ओढला अन् म्हटलं, ‘काहून? आमीच काहून शिकाव? मशीनले शिकवा ना!’ ‘काहून’ म्हणजे ‘का’, हे मशीनले कुठून ठाऊक? त्याने लिहिलं, ‘कानून? आम्हीच कानून शिकावा?’ अन् काळा कोट घातलेली एक वकीलीण काढली, तोंडावळा थेट माझा. (कोट शोभत होता, दादा.)

साहेब म्हणाले, ‘बरं, मग पंचवीसपर्यंत मशीनला तुम्हीच तुमची बोली शिकवून दाखवा.’ दुसऱ्या दिवसापासून मीच मशीनची बाई झाली. पोरीने जपलेले आवाज ऐकायचे आणि नव्या लेकराले शिकवतो तसं एकेक शब्द, दहा बायका, दहा आवाज, असं घोटून घ्यायचं. हट्टी लेकरू, सांगते तुमाले! ‘मामा तलाव’ म्हटलं की मिशीवाला मामा गळ्याएवढ्या पाण्यात बसवून मोकळं. (माजी मालगुजारी तलावाचा मामा लोकांनीच केला, त्यात त्या मशीनची काय चूक?) प्रतिक्षा म्हणे, हा आपल्या मामांसारखाच दिसते. मी तिले दटावलं, पण दिसत होता.

आता सुधारलं. बोडी म्हटलं की पडद्यावर पाणी येते, पाळ येते, अन् पाळीवर गुलाबभाऊही येतात. ते रोज स्वतःले पाहाले येऊन राहिले. परवा चंद्रभागाबाई धानाच्या रोवण्याबद्दल बोलल्या, तं भिंतभर हिरव्या धानाची बांधी उगवली. आधार कार्ड हातातच राहिलं अन् बाई अर्धा तास उभी. म्हणे, ‘माही बोली एवढी चांगली दिसते का वो?’ दादा, मले रडूच आलं. शाळेत याच बोलीपायी आपल्याले हसत होते, अन् आपण दोघंही मागच्या बाकावर तोंड मिटून बसत होतो.

आता अडचण एकच राहिली. बायकांची बोली मशीन शिकलं, पुरुषांची शिकायलाच मिळत नाही, कारण पुरुष माइकपुढे आला की बोलतच नाही, भाषण करते. सरपंच प्रविणभाऊ घरी ‘जेवाले वाढ वो’ म्हणतील, अन् तिथं ‘मी याप्रसंगी आपणांस सांगू इच्छितो’. पंधरा पुरुष झाले, पंधराही ‘इच्छितो’, लोक हसले तेव्हापासून गुलाबभाऊही. अन् पहिली चूक पुरुषाच्या आवाजात झाली, म्हणून साहेब पुरुषाच्याच बोलीवर परीक्षा घेणार. पास झालो तर केंद्र लाखनीतच राहील अन् पोरगी कायम होईल. नाही तर मशीन नागपूरले अन् पोरगी घरी. ती रात्रंदिवस तिथंच बसून राहते, जेवणाची शुद्ध नाही. एवढं मन लावून काही करताना मी तिले कधी पाहिलं नव्हतं.

बाकी सर्व ठीक. वहिनींना गुडघ्याला तेल लावायला सांगावे.

तुमची बहीण,
धुरपता

ता. क. भंडाऱ्यापर्यंत येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नवा तांदूळ पाठवते. तिथून न्यायची सोय तुम्ही पाहा.

दुसरा ता. क. पंचवीसला तुम्ही या. माइकपुढे तुम्हालाच बोलायचं आहे, आपल्या बोलीत. मी तुमचं नाव देऊन बसली. ती बोली मी कधीच विसरलो, असं तुम्ही सांगाल, म्हणून पुढचा ता. क. लिहिणं भाग आहे.

तिसरा ता. क. विसरले नाही तुम्ही. मागच्या सोमवारी तुम्ही पोरीलाच फोन लावला होता. तिच्या फोनात सगळं रेकॉर्ड होते. ‘कायले गेलीस वो त्या मिलमंधी? तुह्या मायनं एकटीनं राबून तुले शिकवलं, ते मशीनीसंगं खेळाले का? उद्या ते बंद पडलं तं कोनाच्या दारात जाशील? मी मेलो नाही अजून, मले सांगाव नाही का?’ मी ते मशीनला ऐकवलं, तर त्याने अख्खं लिहून काढलं, एक अक्षर चुकलं नाही. सोळावा पुरुष पास! चारचौघांत ऐकवायचं तर तुमची संमती लागते. कागद सोबत आहे, सही करून आणावा. त्या दिवशी फोन ठेवल्यावर पोरगी रडत असेल म्हणून मी धावत गेली. डोळे पुसत होती, पण हसून राहिली होती. चोवीस वर्षांची झाली, पण तुमच्या तोंडून असं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. म्हणाली, ‘आई, मामा आपल्यासारखेच बोलतात वो.’