हादऱ्यांचं पान

४ ऑगस्ट, लातूर
व्यंकटराव सरांचा पायथनमधला जुना प्रोग्राम आज उघडला. भूकंपमापकाची रेघ कॉलेजच्या एकाच कॉम्प्युटरवर दिसते, म्हणून सर कायम त्याच खुर्चीत. महिनाअखेरीस ते रिटायर होतायत. तोवर ती रेघ मला ब्राउझरमध्ये आणायची आहे — कुणालाही मोबाइलवर दिसेल अशी.

जमिनीतून गुडगुड झाली की किल्लारीहून सरांना फोन सुरू. सर रेघ बघून "न्हाई हाललं, आत जावा" म्हणेपर्यंत माणसं अंगणात उभी! मी नांदेडची. तिकडे एकदा हादरा बसला म्हणे, मी झोपेत होते. असो. हे वेबपान झालं की फोन बंद.

९ ऑगस्ट
रेघ सरकू लागली. हिरवी म्हणजे शांत, लाल म्हणजे हादरा. सर नुसतं "हं" म्हणाले. आवडलं वाटतं.

१३ ऑगस्ट
घोळ! लाल रंग उमटतो का बघायला मी एका जुन्या हादऱ्याची नोंद पानावर चालवली. सरांनी कौतुकानं लिंक कालच गावाच्या ग्रुपवर टाकलेली — मला न सांगता. भर दुपारी सगळी किल्लारी घराबाहेर. सरजाबाई नावाच्या आजी पायरीवरून पडल्या, मनगट मोडलं.

सर एकेकाला फोनवर सांगत होते, "माझी चूक झाली बापा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला फार लाज वाटली.

१७ ऑगस्ट
चाचणीसाठी वेगळं पान केलं. हे आधीच करायला हवं होतं.

सरांबरोबर सरजाबाईंना भेटून आले. हाताला प्लॅस्टर. मी माफी मागितली. "आसू दे गं माय, हात हाय, जुळंल," म्हणाल्या. मग सरांकडे वळून, "तुमी घरी बसल्यावर आमाला सांगायचं कुनी?"
"ही पोरगी हाय की. तिचं पान हाय."
आजींनी मला नीट न्याहाळलं. चहा घे म्हणाल्या.

३१ ऑगस्ट
सरांना शाल, नारळ, भाषणं. पान बिनचूक चालतंय. माझं काम संपलं.

६ सप्टेंबर
चहा गाळत होते. मांडणीतली भांडी खणखणली, फरशी पायाखालून ओढल्यासारखी झाली. लातुरातच! अनवाणी जिना उतरून रस्त्यावर आले. मोबाइल हातातच होता. पान उघडायचं सुचलंसुद्धा नाही — सरांना फोन लावला.

बिझी. परत बिझी. सगळी किल्लारी माझ्याआधी लावून बसलेली.