पितिल्यानोकर

१४ जानेवारी, मंगळवार

हिस्टरी प्रोजेक्टचा विषय ठरला — पितिल्यानो. इटलीतलं एवढंसं गाव. साडेचारशे वर्षांपूर्वी पोपच्या मुलखातून हाकललेले ज्यू तिथे येऊन राहिले. आईला सांगितलं, तर तिने लाटणंच खाली ठेवलं. "इटलीत दुसरं काही घडलं नाही का? पेंटिंग्जवर कर, चर्चवर कर."

चर्च म्हणे! आम्ही अलिबागजवळच्या नवगावचे बेने इस्राएल, मराठी ज्यू. पण नाव रोशेल, बोलते मराठी, म्हणजे वसईची ख्रिश्चन — इथे दुबईत सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. आईने कधी कुणाची चूक सुधारली नाही. शाळेतसुद्धा मी नुसती "रोशेल एन." उलट दर ख्रिसमसला शेजारच्या इसाबेल आंटीबरोबर आई ऊद मेथाच्या चर्चला जाते. नवी साडी नेसून.

१९ जानेवारी, रविवार

आईशी पुन्हा वाजलं. "दिवस बरे नाहीत, रोशेल. विषय बदल, खलास." मी म्हटलं, अबू धाबीत सिनेगॉग उघडलंय, आपले लोक प्रार्थनेला राजरोस जातात. "ते मोठे लोक. आपण नोकरदार." बाबा मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

आय ॲम नॉट चेंजिंग इट. आईला हेच सांगितलं.

२७ जानेवारी, सोमवार

आज भारी गोष्ट सापडली. इटलीत पितिल्यानी आडनावाचे ज्यू आहेत. पितिल्यानी म्हणजे आपल्या भाषेत चक्क पितिल्यानोकर! त्या गावाने पुढे त्यांना घेट्टोत, वेगळ्या बंदिस्त वस्तीत कोंडलं, तरी हे गावाचं नाव मिरवतात. आणि आम्ही? आम्हाला नवगावने कधी हातसुद्धा लावला नाही, तरी आम्ही नवगावकरचं "एन." करून बसलोय. लाज वाटली. मग रागच आला.

प्रोजेक्टच्या बोर्डवर नाव पूर्ण लिहिणार. रोशेल नवगावकर, बेने इस्राएल. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या शाळेत प्रोजेक्ट्सचं प्रदर्शन. आईने इसाबेल आंटीला कधीच आमंत्रण देऊन ठेवलंय, आता मागे कसं घेणार? "निदान तिच्यासमोर तरी नको गं. बारा वर्षांची मैत्री आहे. एवढी वर्षं फसवलंत म्हणेल." आणि रडायलाच लागली.

मला खूप वाईट वाटलं. पण नाव खोडलं नाही. खोडणारही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इसाबेल आंटी बोर्डासमोर उभीच राहिली. आई पांढरीफटक. मग आंटीने आईचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "अगं, आम्हीपण बेने इस्राएल. पेणचे. चर्चला तर मी तुझ्यासाठी येत होते."